सहीच्या दिवशी बाई कुठं होत्या

"तुमचं म्हणणं मी एकदा परत सांगते. चुकली त टोकजा."

असं म्हणून बाई दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवायच्या, मान थोडी कलती करायच्या आणि समोरच्या माणसाचं बोलणं त्यालाच परत ऐकवायच्या. माणूस तणतणत, शिव्या घालत बोललेला असायचा. बाईंच्या तोंडून तेच परत यायचं तेव्हा शिव्या गळून गेलेल्या असायच्या आणि म्हणणं तेवढं उरलेलं असायचं. माणूस स्वतःच चकित व्हायचा. "हो जी, हेच म्हणून राहिलो मी," म्हणायचा, आणि त्याचा अर्धा राग तिथंच उतरायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गावात एखादा म्हातारा असतो, भांडण त्याच्या ओट्यावर आलं की थंड होतं. पण बाईमाणसात मी ही एकच पाहिली. आणि तिला हे आमच्या गावात शिकवलेलं नव्हतं. ती ते साऱ्या दुनियेत फिरून शिकली होती, सरकारच्या कामावर, दुसऱ्या देशांत.

मी तिसरीतून शाळा सोडली. तरी हे माझ्या हातानं लिहितो आहे, कोणाकडून सुधारून घेतलेलं नाही. बाईंनी जमवलेल्या पाण्याच्या करारात बसलेले बाकीचे एक तर मेले, नाही तर गप्प आहेत.

आमचं गाव नवेगाव बांधच्या अलीकडं. बाईंचे वडील चांगले जमीनवाले. पोरगी हुशार म्हणून त्यांनी तिला नागपूरला ठेवलं, तेव्हा लोक हसले होते. नागपूरहून ती दिल्लीला गेली, दिल्लीहून फारेनला. मग तीसेक वर्षं तिची फक्त पत्रं आली, वेगळ्याच तिकिटांची. भाऊ मेला, भावाचा पोरगा गोंदियाजवळ कुडव्याला घर बांधून राहिला. बाई रिटायर होऊन आल्या आणि वडिलांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. बिरसीला विमानतळाचं काम चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. भाचा मोटरसायकलनं यायचा आणि दर वेळी म्हणायचा, "आत्या, अथी काय ठेवलं हाये? नागपूरले फ्लॅट घे ना."

"अथी बसाले जागा हाये," बाई म्हणायच्या.

बाईंनी फारेनला काय काम केलं, हे गावात कोणालाच नीट माहीत नव्हतं. कोणी म्हणे टायपिस्ट होती. माझी बायको म्हणायची, "सायबाच्या घरी पोळ्या करत असन, आणखी काय." मी स्वतः एकदा साळ्यासाठी फारेनचा विजा मागायला गेलो होतो.

"भाऊ, विजा आपल्याले दुसरे देश देतात. आपण त्यायच्या लोकायले देतो."

"मंग तुमी तथी काय करत होत्या?"

"बोलत होती."

"बोलाचा एवढा पगार?"

"नाही जी," बाई म्हणाल्या. "जास्त न बोलाचा."

सकाळी बाई तलावाच्या पाळीवरून फिरायच्या. पायात कापडी बूट, हातात कुत्र्यांसाठी काठी. मी पाणी कमिटीचा अध्यक्ष होतो, म्हणून तुडुमाकडं रोज जायचो. तुडुम म्हणजे पाळीतून शेताकडं पाणी सोडायची दगडी मोरी. तिच्या पायऱ्यांवर बसून आमचं बोलणं व्हायचं. देशांची नावं त्या घ्यायच्या नाहीत. नोकरी संपली तरी घ्यायच्या नाहीत.

एकदा म्हणाल्या, "नोकरीले लागली तवा लिहून घेतलं माझ्याकडून. लगन करीन त सरकारले विचारून करीन, आन् सरकार म्हणन त नोकरी सोडीन."

"सगळ्याच पोराईकडून?"

"पोराईकडून काऊन? त्यायले त लवकर लगन करा म्हणत. घरी बायको असली की पाहुण्यायचं चांगलं होते."

तो नियम पुढं काढून टाकला म्हणे. पण तोवर बाई चाळिशीच्या आसपास आल्या होत्या.

दुसऱ्या एका देशाची भाषा त्या दोन वर्षं शिकल्या. तिथं जायचं ठरलं, सामान बांधलं. मग फाईल परत आली, त्यावर एकच ओळ, तिथं बाई पाठवणं बरं नाही. ज्याला पाठवलं त्याला ती भाषा येत नव्हती. तो तिथले कागद दिल्लीला बाईंकडंच पाठवायचा, वाचून द्या म्हणून. चार वर्षं बाईंनी ते कागद वाचून दिले.

तिसरी गोष्ट मी विसरणार नाही. दोन देशांची काहीतरी बोलणी अडली होती. अकरा दिवस बाई मसुदा लिहीत, खोडत, परत लिहीत होत्या. अकराव्या दिवशी जमलं. सहीची वेळ आली तेव्हा त्यांचा साहेब म्हणाला, मॅडम, पाहुण्यांच्या बायका आल्या आहेत, त्यांना जरा बाजार दाखवून आणा, तुम्हालाच जमेल.

"मंग?"

"मंग काय. दोन घंटे गालिचे पाहिले. वापस आली त दिवे विझले होते. टेबलावर फुलं आन् उष्टे पेले."

मी हसलो. बाईही हसल्या, पण त्यांचं आधी संपलं.

आता पाण्याचं सांगतो.

तलाव आमच्या गावात, पाळ आमची, पण पाटाचं पाणी पुढं खालच्या गावाच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत जातं. धान निसवायच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या दिवसांत पाणी कमी पडलं की मारामारी. तीन वर्षं ते चाललं होतं. त्यांची जनावरं आमच्या कोंडवाड्यात, आमचे पाट त्यांनी फोडलेले. सोयरीक बंद झाली. आमच्या लेकी खालच्या गावात दिलेल्या आहेत, त्या तीन वर्षं भाऊबीजेला माहेरी आल्या नाहीत. गावोगाव तंटे मिटवायच्या कमिट्या निघाल्या होत्या. आमच्या कमिटीनं कागद पुष्कळ लिहिले, पण खालच्या गावात पाय कोणी ठेवला नाही. मी तर नाहीच. मी अध्यक्ष, मी त्यांच्या दारात कसा जाणार?

बाई म्हणाल्या, "मी जाऊन येऊ का?"

"तुमी? कायले?"

"ऐकाले."

मी जा म्हटलं. काही बिघडणार नव्हतं आणि काही होणारही नाही असं मला वाटलं होतं.

खालच्या गावचा पाटील एका कानानं बहिरा. पहिल्याच दिवशी बाईंनी पाहून घेतलं आणि रोज त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसल्या. तीन आठवडे छत्री घेऊन शेतातल्या धुऱ्यानं पायी जाणं-येणं. बोलणं संपेपर्यंत चहा ना त्यांच्याकडं घेतला, ना माझ्याकडं. माझा निरोप त्यांनी कधी जसाच्या तसा नेला नाही. आधी मला फिरून बोलायला लावायच्या.

"पाटलाले तुमी चोर म्हणून राहिले, का पाणी चोरणारा?"

"त्याच्यात काय फरक हाये?"

"चोरासंगं बसता येत नाही, भाऊ. पाणी चोरणाऱ्यासंगं बसता येते."

मी रागानं उठून गेलो. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं, "बरं, पाणी चोरणारा म्हणा."

शेवटी त्यांनी हातानं दोन पानांचा मसुदा लिहिला. पहिल्या पानावर चांगल्या वर्षाचं, कोणाला किती दिवस पाणी. दुसरं पान सगळं वाईट वर्षाचं. पोळ्यापर्यंत पाणी तुडुमाच्या तिसऱ्या पायरीला लागलं नाही, तर पहिले चार दिवस खालच्या गावाला, मग आम्हाला. त्याच्या बदल्यात खालच्या गावानं दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस दोन दिवस पाळीच्या मातीकामाला द्यायचा. मी खूप भांडलो. पाणी आमचं आणि पहिले चार दिवस त्यांना?

"त्यायचं धान खोलगट बांधीत हाये, हलकं हाये, आधी निसवते," बाई म्हणाल्या. "तुमचं आठ दिवस मागून. तुमचं काही जात नाही. आन् चांगल्या वर्षाले कागद लागतच नाही, भाऊ. कागद वाईट वर्षासाठी असते."

मी मानलं. पाटलानंही मानलं. मग बाईंनी पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं.

"मसुदा केला म्हणून खाली माझी सही राहीन. आजवर लय कागद लिहिले मी. माझं नाव एकावरही नाही."

"राहीन," मी म्हटलं.

सही मंडईच्या दिवशी ठेवली. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, दुकानं लागतात, नाटक होतं. नाटकाच्या स्टेजवर दोन्ही गावांसमोर सह्या करायच्या, आणि कागद ग्रामपंचायतीत लावायचा म्हणून अर्जुनीहून काचेची फ्रेम आधीच आणून ठेवली होती. चांगली सोनेरी पट्टीची. त्या फ्रेममध्ये एकच पान बसत होतं.

म्हणून टाईप करताना दोन पानांचं एक पान केलं. पायरी, चार दिवस, मातीकाम, सगळ्याच्या जागी एक ओळ आली: टंचाईच्या वर्षी दोन्ही गावांनी सामोपचाराने ठरवावे. मी ते वाचलं होतं. वाचलं नाही असं खोटं सांगणार नाही. मला बरंच वाटलं. ते पहिले चार दिवस माझ्या मनातून गेले नव्हते.

आणि सहीचं. आदल्या दिवशी कमिटी बसली. बाई आपल्या गावची लेक, तिची सही पाहून खालचं गाव म्हणेल की करार एकाच घरातून झाला. पाहुण्यांसमोर स्टेजवर बाईमाणूस, तेही बरं दिसत नाही. हे सगळं कोण म्हणालं असं तुम्ही विचाराल. मीच म्हणालो. बाकीच्यांनी माना हलवल्या.

सकाळी बाईंकडं गेलो. त्या तयार होऊन बसल्या होत्या, करड्या रंगाची रेशमी साडी, हातात घड्याळ.

"बाई, तीन वर्षांनी आपल्या लेकी खालच्या गावाहून येऊन राहिल्या. जेवणाचं, बसण्याचं कोणी पाहाले पाहिजे. तुमालेच जमते."

बोलून झाल्यावर मला कळलं की हे मी आधी कुठंतरी ऐकलं आहे. तुडुमाच्या पायरीवर ऐकलं होतं. शब्द परत घेता आले असते. मी घेतले नाहीत.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "बरं."

लाऊडस्पीकरवर नावं पुकारली जात होती तेव्हा बाई माझ्या घराच्या मागच्या अंगणात पुऱ्या लाटणाऱ्या बायांत बसल्या होत्या. लेकी आल्या, आयांच्या गळ्यात पडून रडल्या. बाईंनी एकेकीला पाणी दिलं. साडीला पीठ लागलं होतं, हे माझ्या बायकोनं मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी त्या ग्रामपंचायतीत आल्या आणि फ्रेमसमोर उभं राहून कागद वाचला. दोनदा वाचला.

"दुसरं पान कुठी हाये?"

"फ्रेमात एकच बसते, बाई."

"तुमचं म्हणणं मी परत सांगते," बाई म्हणाल्या. हात मांडीवर नव्हते, त्या उभ्या होत्या. "फ्रेम लहान होती, म्हणून वाईट वर्ष काढून टाकलं. चुकली त टोकजा."

मी टोकलं नाही.

दोन वर्षं पाणी चांगलं झालं. लोक फ्रेम दाखवायला पाहुणे आणायचे. तालुक्यातून एक साहेब येऊन माझा सत्कार करून गेला. बाई पाळीवर फिरायच्या, मला पाहून "काय जी भाऊ" म्हणायच्या आणि पुढं जायच्या. पायरीवर बसायच्या नाहीत.

तिसऱ्या वर्षी पाऊस पोळ्याच्या आधीच गेला. तिसरी पायरी कोरडी, दुसरीही कोरडी. कागद म्हणतो सामोपचाराने ठरवा. आम्ही म्हणालो, ते येतील. ते म्हणाले, वरचं गाव बोलावेल. आठ दिवस कोणी कोणाकडं गेलं नाही. बाई दोनदा माझ्या दाराशी आल्या. "मी जाऊ का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आता कमिटी पायते, तुमी राहू द्या."

नवव्या दिवशी दुपारी खालच्या गावचे लोक सब्बल, लोखंडी पहारी घेऊन तुडुमावर आले. त्यांचं धान लोंबीत सुकत होतं. आमचे काठ्या घेऊन गेले. माझा लहान भाऊ तुडुमाच्या तोंडाशी उभा होता. त्याच्या गुडघ्यावर सब्बल बसली, तो पुन्हा सरळ चालला नाही. खालच्या गावचा एक चाळिशीचा माणूस डोक्यावर मार लागून पडला. नागपूरला नेत होते, साकोलीच्या पुढं गाडीतच गेला. त्याची बायको आमच्याच गावची लेक. मंडईच्या दिवशी तीन वर्षांनी माहेरी आलेल्या लेकींत ती होती.

पोलिसांचं वेगळं चाललं. पाण्याचं तहसीलमध्ये गेलं, आधी काय ठरलं होतं ते पाहायला. बाई माझ्यासोबत एसटीनं आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती हातानं लिहिलेली दोन पानं होती. सकाळी दहापासून चारपर्यंत बाकावर बसलो. बाईंनी पाणीसुद्धा मागितलं नाही.

साहेब तरुण होता, बोलायला चांगला. त्यानं दोन्ही पानं वाचली. दुसरं पान जास्त वेळ वाचलं.

"हे झालं असतं तर काही घडलंच नसतं," तो म्हणाला. "पण यावर सही कुणाची?"

"कोणाचीच नाही," बाई म्हणाल्या.

"आणि सहीच्या कागदावर आपलं नाव दिसत नाही. आपला या कराराशी संबंध काय?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी उठून म्हणालो, "साहेब, सगळं ह्याच बाईनं जमवलं. ह्याच जाऊन येऊन करत होत्या."

"असेल काका. कागदावर तसं नाही."

खालच्या गावचा पाटील दुसऱ्या बाकावर होता. बहिरा माणूस मोठ्यानंच बोलतो. म्हणाला, "सहीच्या दिवशी आमी बाईचीच वाट पाहून राहिलो होतो. स्टेजवर दिसल्या नाहीत. वाटलं, यायच्याच गावानं त्यायले नाही म्हटलं, त आपण मधात कायले बोलाव?"

सगळी कचेरी ऐकत होती. बाईंनी पानांची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

परत येताना बाई खिडकीकडं बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, माझ्यावर राग असन."

"राग नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी नवीन काही केलं नाही."

त्याहून मोठं मला आयुष्यात कोणी काही बोललं नाही. सत्कारात बोलले ते सुद्धा नाही.

त्यानंतर बाई पाळीवर दिसल्या नाहीत. दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायच्या. कोणी भांडण घेऊन आलं तर म्हणायच्या, "कमिटीकडं जा जी." दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांना गोंदियाला दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा नर्स त्यांना "ए आजी, हात इधर" म्हणून सुई लावत होती. बाई तिला तिच्या गावाचं नाव विचारत होत्या. चार दिवसांनी भाच्यानं गाडीतून त्यांना घरी आणलं. जाळायला आम्ही अठरा-वीस माणसं होतो. खालच्या गावचा पाटील आला होता, लांब बाभळीखाली उभा राहून गेला.

उन्हाळ्यात जमीन भाच्याच्या नावावर करायची होती. वारसाचा पंचनामा लागतो, पाच पंचांच्या सह्या लागतात. तलाठ्यानं तयार करून आणला आणि वाचून दाखवला. मयत बाई अविवाहित होत्या, मौजे अमुक येथे राहत होत्या, व्यवसाय घरकाम.

"घरकाम नाही," मी म्हटलं.

"मग काय लिहू?"

मला तो शब्द आला नाही. बाईंनी दहा वेळा सांगितला असेल, मीच ध्यानात ठेवला नव्हता. म्हटलं, "त्या देशाकडून बोलत होत्या. दुसऱ्या देशायसोबत."

तलाठी भाच्याकडं पाहू लागला. भाचा म्हणाला, "काका, जमिनीच्या कामाले ते लागत नाही. सगळ्या बायांचं घरकामच लिहितात."

"मंग माझी सही नाही."

"तुमी उगाच अडवून राहिले जी."

"अडवतो," मी म्हणालो आणि पेन टेबलावर ठेवलं. हटून बसलो. वाटलं, माझ्यावाचून होणार नाही. कमिटीत पंधरा वर्षं माझ्यावाचून काही झालं नव्हतं.

बाकीच्या चौघांनी सह्या केल्या. तलाठ्यानं खिडकीतून हात करून समोरच्या पानठेलेवाल्याला बोलावलं. तो आला, कत्थ्याची बोटं पँटला पुसली आणि दाखवल्या जागी सही केली. मग त्यानं तलाठ्याला विचारलं, "कोणाचं होय जी हे?"

"होती एक बाई," तलाठी म्हणाला आणि शिक्का मारला.